कपाटावरची बाटली

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातील गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. कूलर घरघरत होता, खिडक्यांना जाड पडदे ओढलेले होते आणि तरीही उशीला हात लावावा तर ती नुकतीच इस्त्री केल्यासारखी लागत होती. नागपूरकरांना हे वर्णन नवे नाही. अशा वेळी माझ्या भाचीचा दूरध्वनी आला. तिच्या लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

“आत्या, एक विचारायचं होतं. ऑफिसातल्या मैत्रिणींनी वाइनची एक बाटली दिली आहे. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला उघडू म्हणतो आम्ही. तोवर ती ठेवायची कुठे?”

“सध्या कुठे आहे?”

“कपाटावर.”

मी क्षणभर काही बोललेच नाही. पलीकडून ती दोनदा ‘हॅलो, हॅलो’ म्हणाली. “आधी ती खाली उतरव,” मी तिला म्हटले, “उरलेले संध्याकाळी सांगते.” संध्याकाळी मी तिला जे सांगितले त्यातले निम्मे वाइनविषयी होते. उरलेले निम्मे आमच्या घराविषयी होते, आणि ते तिला तिच्या वडिलांनी कधी सांगितलेले नव्हते.

आमचे बाबा रेल्वेत होते. अजनीला आम्ही राहत असू ते क्वार्टर वरच्या मजल्यावरचे. डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब, स्लॅबवर आकाश. उन्हाळ्यात तो स्लॅब दिवसभर ऊन पीत असे आणि मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत ओतत असे. आईचे माहेर वसईचे. तिचा धाकटा भाऊ, आमचा मामा, मालवाहू जहाजावर इंजिनखान्यात कामाला होता. १९८३च्या जून महिन्यात, बारावी झालेला माझा थोरला भाऊ सेमिनरीत जायला निघाला तेव्हा निरोप द्यायला मामा मुद्दाम नागपूरला आला. सोबत त्याने जिनोआ बंदरात विकत घेतलेली तांबड्या वाइनची एक बाटली आणली होती, दोन टॉवेलांत गुंडाळून होल्डॉलच्या पोटात दडवलेली. हावडा मेल वर्ध्याला थांबली तेव्हा आपण कसे डोळे मिटून झोपेचे सोंग घेतले, हे तो पुढे कित्येक वर्षे रंगवून सांगत असे. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे; मामाला जगातल्या साऱ्या बंदरांतले कस्टमवाले परवडत, पण वर्ध्याचा फलाट परवडत नसे.

ती बाटली आईच्या हाती देताना मामा म्हणाला, “ताई, हा फादर होऊन पहिली मिस्सा करील ना, त्या दिवशी ही उघडायची. तोवर कोणी हात लावायचा नाही.”

आईने ती गोदरेजच्या कपाटावर ठेवली. आमच्या घरात मानाची जागा तीच होती. तिथे नाताळच्या गोठ्याची पेटी असे, आजीच्या लग्नातली पेटी असे, आणि आता ही बाटली, तपकिरी कागदात गुंडाळलेली, ताठ उभी. स्लॅबपासून तिचे अंतर दोन हातही नव्हते.

दरवर्षी नाताळच्या आधी गोठ्याची पेटी खाली उतरवली जाई. त्या वेळी आई स्टुलावर चढून बाटलीवरची धूळ पुसत असे, कागद नीट करत असे आणि ती पुन्हा जागेवर ठेवत असे. “आता सात वर्षं,” ती म्हणे. पुढच्या वर्षी, “आता सहा.” दादाच्या गुरुदीक्षेचे वर्ष तिने मनाशी धरले होते आणि बाटली हीच तिची दिनदर्शिका होती.

नवल असे की, वाइन कशी जपावी याचा उत्तम धडा आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, चर्चच्या साक्रिस्टीत, रोज गिरवला जात होता. आई वेदीवरची वस्त्रे धुऊन द्यायची. ती पोचवायला मी जात असे. तिथले वृद्ध साक्रिस्तान मिस्साच्या द्राक्षारसाला जणू तान्ह्या बाळासारखे सांभाळत. उत्तरेकडच्या जाड भिंतीत एक कोनाडा होता. उन्हाची तिरीपही तिथे पोचत नसे. बाटली त्या कोनाड्यात, आडवी. उघडल्यावर अर्धी संपली की उरलेला द्राक्षारस ते लगेच एका स्वच्छ, लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावत. असे का, म्हणून मी एकदा विचारले. “पोरी, मोठ्या बाटलीत जागा रिकामी राहिली की तिथे वारा बसतो, आणि वारा वाइन खातो,” असे त्यांचे उत्तर होते. शास्त्रीय भाषेत यापेक्षा वेगळे काय सांगणार? ॲसिटिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू लागतो. तो मिळाला की ते मद्यार्काचे व्हिनेगर करतात. १८६०च्या दशकात लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये वाइनच्या या ‘आजारां’चा अभ्यास केला आणि ती सौम्य तापवून टिकवण्याची रीत सुचवली. आज आपण दुधाच्या पिशवीवर ज्यांच्या नावाची आठवण वाचतो ते हेच पाश्चर. आमच्या साक्रिस्तानांना पाश्चर ठाऊक नव्हते, पण वारा ठाऊक होता.

त्यांची काळजी केवळ काटकसरीची नव्हती. मिस्सासाठीचा द्राक्षारस द्राक्षांपासूनच झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, असा धर्मसभेच्या कायद्याचा ९२४ वा नियम आहे. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत तर त्याचे व्हिनेगर होऊ देऊ नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. आंबलेला द्राक्षारस वेदीवर चालत नाही. उष्ण प्रदेशांत तो टिकावा म्हणून द्राक्षांपासूनच काढलेला थोडा मद्यार्क त्यात मिसळण्याची मुभा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोमने दिली. दारूबंदीच्या कायद्यातही धार्मिक विधीसाठीच्या द्राक्षारसाची वेगळी सोय आपल्या राज्यात आहेच. इतक्या जणांनी इतकी काळजी वाहिलेली ही गोष्ट, आणि आम्ही तिला तापत्या स्लॅबखाली उभी करून ठेवली होती. आणि तेही आदराने!

१९९१च्या ऑगस्टमध्ये दादा घरी परत आला. सोबत पत्र्याची ट्रंक होती. ‘मला हे जमणार नाही’ एवढेच तो बाबांना म्हणाला. कोणाशी भांडण नव्हते, कोणी त्याला काढलेले नव्हते. आठ वर्षे प्रार्थना करून आणि विचार करून त्याने ते ठरवले होते, आणि त्याच्या वरिष्ठांनी त्याला प्रेमाने निरोप दिला होता. आईने त्याला जेवायला वाढले. त्या काळी आपल्या धर्मग्रामांत अशा घराकडे लोक कसे पाहत, हे ज्यांनी सोसले आहे त्यांनाच कळेल. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात “सुट्टीवर का? परत कधी?” असे विचारणाऱ्या बायकांना आई फक्त हसून दाखवत असे. घरात तिने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटते, दादाला तिच्या प्रश्नांपेक्षा त्या न विचारण्याचेच ओझे जास्त झाले असावे.

त्या वर्षीही नाताळच्या आधी गोठ्याची पेटी उतरली. आईने बाटली पुसली, कागद नीट केला, पुन्हा जागेवर ठेवली. या वेळी ती ‘आता इतकी वर्षं’ असे काही म्हणाली नाही.

पुढे दादाला शाळेत शिक्षकाची नोकरी लागली. १९९५मध्ये त्याचे लग्न झाले. लग्नाच्या जेवणात मामाने कपाटाकडे नुसती नजर टाकली. आईने दुसरीकडे पाहिले. बाटली राहिली. १९९७च्या जानेवारीत दादाच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. चर्चमधून सगळे घरी आलो, फादरही आले होते. केक कापला गेला, आणि कोणी काही सुचवायच्या आत आईने स्वतः स्टूल ओढले, वर चढली आणि बाटली घेऊन खाली उतरली. तिने ती दादाच्या हातात दिली.

“उघड. आणखी किती वर्षं उभी ठेवायची तिला?”

घरात बूच काढण्याचा स्क्रू नव्हता. दादाने बाबांच्या हत्यारांतून एक लाकडी कामाचा लांब स्क्रू घेतला, तो बुचात पिळला आणि पक्कडीने ओढला. बूच आख्खे आलेच नाही. ते वाळून पार आखडले होते. त्याचा भुगा बाटलीत पडला. तेव्हा पाहिले तर वाइनची पातळी गळ्याच्या बरीच खाली गेलेली. आई फडक्यातून गाळून ग्लासांत ओतू लागली, तर रंग तांबडा नव्हे, विटकरी. आणि वास साऱ्या खोलीत गेला. वास कशाचा ते आम्हा सगळ्यांना एकदम कळले.

फादरांनी ग्लास नाकाशी नेला आणि सहज हसत म्हणाले, “अरेरे! ही आता मिस्साला चालायची नाही.”

ते नवे होते, त्यांना काही ठाऊक नव्हते. पण बाटली कशासाठी ठेवली होती हे खोलीतल्या बाकी प्रत्येकाला ठाऊक होते. दादा पक्कड हातात धरून तसाच उभा राहिला. वहिनीने मान खाली घातली. मामाने खोकल्याचा बहाणा केला. मला वाटले, आता आई रडेल.

आईने दादाच्या हातातली पक्कड काढून घेतली, मेजावर ठेवली आणि म्हणाली, “मिस्साला चालत नाही तर न चालो. इंद्यालाला चालेल.”

इंद्याल कसे करतात ते वसईकडच्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी थोडे सांगते. सुक्या लाल मिरच्या, लसूण, जिरे, हळद असा मसाला पाण्यात नव्हे तर व्हिनेगरमध्ये वाटायचा. डुकराच्या मांसाला तो चोळून ठेवायचा आणि मग मंद आचेवर शिजवायचे. ते त्याच दिवशी खाल्ले तर चांगले, तिसऱ्या दिवशी खाल्ले तर अधिक चांगले, कारण आंबटपणा तोवर मांसात उतरतो. एरवी आई बाजारातले व्हिनेगर वापरी आणि दरवेळी “यात जीव नाही” अशी तक्रार करी. त्या आठवड्यात तिने जिनोआची ती वाइन पुन्हा एकदा मलमलीतून गाळली आणि पाट्यावर तिच्यातच मसाला वाटला. पुढच्या रविवारी दादा, वहिनी आणि कुशीत बाळ असे आले. दादाने पहिला घास घेतला, पाव मोडला, ताट पुसले आणि दुसऱ्यांदा वाढायला सांगितले. मग तिसऱ्यांदा. आई वाढत होती आणि त्याला आठ वर्षांतले एकेक विचारत होती: तिकडे जेवण कसे असे, थंडीत पांघरूण पुरत असे का, सोबतचे कोण कोण फादर झाले. सहा वर्षांपूर्वी विचारायचे ते सारे. जाताना तिने उरलेले इंद्याल डब्यात भरून दिले.

त्या बाटलीचे नेमके काय चुकले हे मला बऱ्याच वर्षांनी उमगले. दरम्यान आपल्याकडे वाइनचे दिवस पालटले होते. मामाच्या काळी चांगली वाइन म्हणजे जहाजावरून आलेली, असा समज होता. नारायणगावला ऐंशीच्या दशकात वाइन होऊ लागली, १९९९मध्ये नाशिकला सुला सुरू झाली आणि २००१मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले. नाशिकच्या सहलीत एका वाइनरीचे साठवणघर मी पाहिले. आत पाऊल टाकताच अंगावर शाल घ्यावीशी वाटली. काळोख, शांतता आणि बारा ते चौदा अंशांचा सततचा गारवा. वाइनला एवढेच हवे असते आणि मे महिन्यातले नागपूर नेमके यांतले काहीच देऊ शकत नाही. २०१३च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पंचवीस-तीस अंशांच्या पुढे महिनोन्‌महिने राहिलेली वाइन शिजल्यासारखी होते. उष्णतेने ती फुगून बुचाला ढकलते, रात्री आकसताना बाहेरची हवा आत ओढते. बाटली उभी असली तर बूच ओले राहत नाही, वाळते, आखडते आणि हवेला वाट मोकळी करून देते. आमच्या बाटलीने असे तेरा उन्हाळे, तेरा नवतपे काढले.

म्हणून भाचीला सांगितले की, नागपुरात वाइनची जागा फ्रिजमध्ये, खालच्या भाजीच्या खणात. फ्रिजच्या दारात नको. ते दिवसातून पन्नास वेळा उघडते, हादरते. बुचाची बाटली असेल तर आडवी ठेव. आता बऱ्याच बाटल्यांना फिरकीचे झाकण असते, ती उभी राहिली तरी बिघडत नाही. आणि झाकण फिरकीचे म्हणून वाइन हलकी, असे समजू नये. फ्रिज वाइनसाठी जरा जास्तच थंड, हे खरे, पण एक वर्षासाठी त्याच्याइतकी सुरक्षित दुसरी जागा आपल्या घरांत नाही.

वाढण्याविषयीही तिने विचारले. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असे सगळीकडे छापलेले असते. खोली कोणाची, ते कोणी लिहीत नाही. ती खोली जुन्या युरोपातली, दगडी भिंतींची, सोळा ते अठरा अंशांची. नागपूरच्या डिसेंबरमध्ये आपली खोली आपसूक तिच्या जवळपास येते, म्हणून नाताळात तांबडी बाटली फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी काढून ठेवली की झाले. उन्हाळ्यात मात्र थेट फ्रिजमधूनच वाढावी, ग्लासात ती पाच मिनिटांत हवी तशी होते. पांढरी वाइन आठ ते बारा अंशांना आणि फेसाळणारी त्याहून थंड. ग्लास तृतीयांशच भरावा. काठोकाठ भरायला ते ताक नव्हे. ग्लास आधी नुसत्या पाण्याने विसळून सुती कापडाने पुसावा, नाहीतर साबणाचा वास पहिल्या घोटालाच येतो. आपल्याकडे नाताळात केकबरोबर वाइन देतात, तिथे गोड वाइनच द्यावी. कोरडी वाइन केकच्या गोडीपुढे विनाकारण आंबट लागते आणि दोष वाइनला जातो. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवली तर आणखी थोडी. इथे मला आमच्या साक्रिस्तानांचा वारा आठवला आणि मी तोही तिला सांगितला.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच जणांचे व्यवस्थित भागते. सहाव्याला आग्रह करू नये, हे माझे स्वतःचे मत. ज्यांच्या घरात कोणी दारूपायी उद्ध्वस्त झाले आहे, अशी माणसे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. ती केकाला हात लावतात आणि ग्लासाकडे पाहत नाहीत. त्यांच्यासाठी कोकम सरबताचा जग तितक्याच सुंदर ग्लासांसह मेजावर असावा. काना गावच्या लग्नाची गोष्ट सांगून त्यांना भरीस घालणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्या गोष्टीत सहा दगडी रांजण होते आणि उत्तम द्राक्षारस शेवटी आला, हे सगळ्यांच्या ध्यानात राहते. पण तो आला त्या क्षणीच वाढला गेला. कोणी तो पुढच्या वर्षासाठी कपाटावर ठेवला नाही.

भाचीने शांतपणे सारे ऐकून घेतले. स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या दिवसाची ही हकीकत तिला अगदी नवी होती. “बाबा तेव्हा काय म्हणाले?” तिने विचारले.

“काही नाही. तीनदा वाढून घेतलं.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आत्या, बाटलीवर लिहिलंय, दोन वर्षांच्या आत प्यावी. मग वर्षभर थांबायचं कशाला? नाताळातच उघडू या. आजीचं इंद्याल येतं ना तुला?”

येते. पण व्हिनेगर बाजारातले घ्यावे लागेल, हे मी तिला सांगितले. आईचे म्हणणे खरे होते, त्यात जीव नसतो. बाटली तिने त्याच संध्याकाळी भाजीच्या खणात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी आडवी ठेवली आणि मला तिचे छायाचित्र पाठवले. मी ते दादाला दाखवले. त्याने चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “बूच आहे की फिरकी?”